बोळापेक्षा लांब गाणं

महोत्सवाच्या चिटणीसबाई परवा घरी आल्या. संस्थापकांचा गौरवग्रंथ निघतोय, घरच्यांपैकी कुणीतरी लिहायला हवं, म्हणाल्या. घरच्यांपैकी आता मीच उरले आहे, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. "संस्थापक घरात कसे होते ते लिहा. आणि समारोपाच्या दिवशीचा तो क्षण तर हवाच हवा," असं बजावून बाई अर्धा चहा तसाच टाकून गेल्या. संस्थापक घरात कसे होते याचं उत्तर एका ओळीचं आहे: ते घरात नव्हते. पण एका ओळीनं ग्रंथ भरत नाही. तेव्हा बाई, घ्या, सगळंच लिहून देते. गोड लागलं नाही तर माझ्या नावानं बोटं मोडू नका, दार तुम्हीच वाजवलंत.

पहिली गोष्ट, त्यांना संस्थापक फक्त तुम्ही म्हणता. आमच्या गल्लीत त्यांना भोंगा म्हणतात. तरुणपणी त्यांनी लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान काढलं. दुकानाच्या छपरावर एक कर्णा टांगलेला असायचा, आणि तो नसता तरी चाललं असतं असा मालकाचा आवाज होता. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणत आले, ते मला धाकटी म्हणत आले. इथे मात्र मी भोंगाच लिहिणार आहे. ग्रंथात शोभत नसेल तर ग्रंथ बदला.

भोंगा वाढला बोळात. बोळ म्हणजे बंदरामागची दोर वळायची शेड. रुंदीला एका खोलीएवढी आणि लांबीला अख्ख्या गल्लीएवढी, म्हणून तिला सगळे बोळ म्हणायचे. आत शिरलं की नाकात ताग आणि घशात डांबर. एका टोकाला मोठं लाकडी चाक, त्याला लोखंडी आकडे. बाया तागाचा गुंडाळा कमरेभोवती बांधायच्या, त्याचं टोक आकड्यात अडकवायच्या, आणि बोटांतून ताग सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायच्या. चाक फिरेल तसा पीळ पडत जायचा. असं दिवसभर उलटं चालायचं. मागे वळून बघायची सोय नाही, कारण मान वळली की हात हलतो आणि हात हलला की सूत कुठे जाड, कुठे बारीक.

मग भिंत जवळ आली हे कळणार कसं? तर ते चाकावर बसलेलीनं सांगायचं. तिचं तोंड आपल्याकडे असतं, तिला आपल्या पाठीमागचं सगळं दिसतं. तिनं ओरडायचं, "भिंत!" हाक आली की जिथे असू तिथे थांबायचं. गाणं चालू असेल तर तोडायचं, अर्धा शब्द तोंडात असला तर तो गिळायचा. ही हाक चुकायची नाही. चाकावरची आणि चालणारी यांचं सकाळीच नळावर भांडण झालेलं असो, दोघी एकमेकींचं तोंड बघत नसोत, हाक द्यायची म्हणजे द्यायची. मीसुद्धा एकीशी वर्षभर अबोला धरला होता आणि त्या वर्षभरात तिच्याशी एवढा एकच शब्द बोलले, रोज, वेळेवर.

माझ्या सासूबाई, म्हणजे भोंग्याची आई, त्या बोळातल्या सगळ्यांत सरस. त्यांच्या सुतात गाठ शोधून सापडायची नाही. आणि त्या गायच्या. गाणं साधंच होतं, कुठला दोर कुठे जाणार त्याची यादी: एक दोर होडीला, एक दोर विहिरीला, एक दोर बैलाला, एक दोर त्या मेल्याला जो घरी टिकत नाही. मग त्या मेल्याची चांगली सात-आठ कडवी हजेरी. चाकावर मी असायचे. गाण्याचा वेग वाढला की चाक जोरात, मंदावला की सावकाश. शिकवावं लागायचं नाही.

पण ते गाणं बोळापेक्षा लांब होतं. शेवटच्या ओळीआधी दर वेळी भिंत यायची. ती ओळ कुणीच कधी ऐकली नव्हती. विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, "बोळ वाढवा, मग ऐकवते." घरी बसून म्हणा म्हटलं तर त्यांना यायचंच नाही. पाय मागे पडायला लागले तरच पुढची ओळ सुचायची. एका जागी बसून त्यांना पहिली दोन कडवीसुद्धा धड आठवत नसत, उगाच चिडायच्या.

भोंग्याला या सगळ्याची लाज होती. पोरं त्याला चिडवायची, याची आई उलटी चालते म्हणून. ताग उचलायला जायची पाळी आली की हा पोटात दुखतंय म्हणून आडवा. मोठा झाला तसा बोळाच्या दारातूनही जाईना, लांबचा रस्ता धरून दुकानात जायचा. मुलगी बघायला गेला तेव्हा आई काय करते या प्रश्नाला त्यानं 'बंदर खात्यात आहे' असं उत्तर दिलं. लग्न ठरलं नाही. बरंच झालं, एक बाई सुटली.

पुढे नायलॉन आलं. बोळाला कुलूप लागलं आणि आम्ही सगळ्या एका आठवड्यात घरी बसलो. सासूबाई गच्चीवर उलट्या चालायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसत्याच, हातात काही नाही. त्या वर्षी कुठूनसा एक रेडिओवाला जुनी गाणी गोळा करत आला. यंत्राची वायर तुटली म्हणून भोंग्याच्या दुकानात शिरला आणि बोलता बोलता म्हणाला, कामाची गाणी कुणाला येतात का इथे, मोठ्या शहरात त्याला फार मान आहे. मोठ्या शहरात मान आहे एवढं ऐकलं आणि भोंग्याच्या अंगात एकदम मातृभक्ती संचारली. त्या दिवशी कित्येक वर्षांनी तो आईच्या खोलीत जाऊन बसला. "आई, तुझं ते गाणं म्हण बघू." सासूबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "जेवलास का?"

खोटं कशाला बोलू, भोंगा राबला. टेपरेकॉर्डर खांद्याला लावून त्यानं सगळा मुलूख पालथा घातला. होडीवाले, कपडे धुणाऱ्या, दगड फोडणारे, सगळ्यांच्या दारात जाऊन बसला, कुत्री मागे लागली, दोनदा मार खाल्ला. बोळापुढच्या धक्क्यावर, जिथून पूर्वी दोर होड्यांत चढवायचो, तिथे त्यानं पहिला महोत्सव भरवला. आमच्या ह्यांनी मंच बांधला. हे सुतार होते. पहिल्या वर्षी ऐकणाऱ्यांपेक्षा गाणारे जास्त होते. तिसऱ्या वर्षी बसायला जागा नव्हती. हे त्याचं आहे, ते मी हिरावून घेत नाही.

पण हा माणूस गाणी गोळा करायचा आणि माणसं गाळायचा. त्याचा पहिला नियम, तीन मिनिटं. दगड फोडणाऱ्यांचं गाणं दिवसभर चालतं, कारण दगड दिवसभर फोडायचा असतो. भोंगा म्हणाला, तीन मिनिटांत फोडा. दुसरा नियम, कपडे. मंचावर जायचं म्हणून लोक आपले ठेवणीतले कपडे इस्त्री करून घालून यायचे, आणि हा त्यांना मंचामागे नेऊन ठिगळांचे कपडे द्यायचा. एक म्हातारा होडीवाला नवा पांढरा शर्ट घालून आला होता. भोंग्यानं त्याच्यापुढे फाटका सदरा धरला. म्हातारा म्हणाला, "हा कुणाचा?" भोंगा म्हणाला, "तुमचाच, म्हणजे तसाच दिसला पाहिजे." म्हाताऱ्यानं त्या सदऱ्यानं आपले बूट पुसले, सदरा परत भोंग्याच्या हातात ठेवला आणि चालता झाला. गाण्याआधीच त्याच्या नावाला टाळ्या पडल्या होत्या. भोंग्यानं माइकवर सांगितलं की प्रकृती बिघडल्यामुळे ते येऊ शकले नाहीत.

सासूबाईंचं गाणं त्यानं मुद्दाम राखून ठेवलं होतं. अर्धं गाणं त्याला नको होतं, त्याला ती शेवटची ओळ हवी होती. न ऐकलेली ओळ आपल्या मंचावर पहिल्यांदा उमटणार, हे त्यानं वर्षभर सगळ्यांना सांगून ठेवलं. मग एक दिवस घरी येऊन आईपुढे बसला. मी भाजी निवडत होते.

"चाक धक्क्यावर आणतो. तू तशीच मागे मागे चालत गा."

"मंच बोळाच्या निम्मा नाही," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कडव्यालाच पाण्यात पडेन."

"बारीक पावलं टाक. मुंगीसारखी. पुरेल."

"चाकावर धाकटी बसेल ना?"

"मी बसतो. मुलगा चाक फिरवतोय आणि आई गातेय. लोक डोक्यावर घेतील."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही चाकाला शेवटचा हात कधी लावलात?"

"त्यात काय आहे? विमान चालवायचंय का?"

"आणि हाक?" सासूबाई म्हणाल्या. "हाक वेळेवर दे म्हणजे झालं."

इथे भोंग्यानं आपली अक्कल पाजळली. हाक नको, म्हणाला. गाण्यात मध्येच ओरडणं बरं नाही, टेपवर येईल. मंचावर ताग वापरायचा नव्हताच, धूळ उडते. तयार सुतळी वापरायची होती. "टोक माझ्या हातात असेल. कडा जवळ आली की मी सुतळीला झटका देईन. तुझ्या बोटांना कळेल, लोकांना कळणार नाही. कळेल ना?"

सासूबाईंना त्याचा राग आला. बोटांबद्दल त्यांना कुणी विचारलेलं खपत नसे. "माझ्या बोटांना केस ओढलेला कळतो," त्या म्हणाल्या. "तू झटका दे म्हणजे झालं."

आमच्या ह्यांनी मंचाला मागे कठडा केला होता, चांगला छातीएवढा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी भोंग्यानं तो काढायला लावला. मागे होड्या आणि समुद्र दिसला पाहिजे, फोटोत कठडा वाईट दिसतो. हे म्हणाले, "दादा, निदान एक दोर तरी बांधू दे." तर म्हणाला, "दोरवाल्यांच्या गाण्याला दोर बांधतोस?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मला त्यानं पाहुण्यांच्या चहाला लावलं. चहाचा तंबू बोळाच्या दारापाशी, तिथून मंच दिसत नव्हता. मी फक्त ऐकलं.

बाई, तुम्ही ते टेपवर दर वर्षी ऐकता, मी ते कपबश्या विसळताना ऐकलं. होडी झाली, विहीर झाली, बैल झाला, त्या मेल्याची सगळी हजेरी झाली. मग जिथे रोज भिंत यायची ती जागा आली. माझ्या तोंडात हाक आली होती, सवयीनं. आणि गाणं थांबलं नाही, पुढे गेलं. शेवटची ओळ आली, तुम्ही जी आता पोस्टरवर छापता: 'सोड गं आता, हात भरून आले.' बस, एवढीच होती. मोठे मोठे लोक त्या ओळीत काय काय बघतात. सासूबाईंना दमल्यावर जे म्हणायचं ते त्या म्हणाल्या. ओळ पुरी झाली आणि लोक ओरडले. मला वाटलं, वाहवा आहे.

ओहोटी होती. खाली पाणी नव्हतं, दगड होते.

त्या गेल्या नाहीत. हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नाही, म्हणून ठळक लिहा: त्या गेल्या नाहीत. कंबर मोडली, खुबा मोडला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून खाटेवर होत्या. त्यांचं सगळं मी केलं, त्याचं मला काही नाही. ह्यांनी भावाशी बोलणं टाकलं, ते स्वतः जाईपर्यंत. आणि भोंगा? भोंगा पुढच्या वर्षीच्या महोत्सवात माइकवर म्हणाला, "याच धक्क्यावर, शेवटची ओळ गाताना, माझ्या आईचा आवाज थांबला." यात एक शब्द खोटा नाही बघा. ऐकणाऱ्यांनी काय समजायचं ते समजले, त्यानं समजू दिलं. सगळे उभे राहिले, शांतता पाळली. आमच्या घरापर्यंत कर्णे ऐकू यायचे. एकदम सगळं गप्प झालं तशा सासूबाई म्हणाल्या, "वीज गेली का?"

"नाही आई. लोक उभे राहिलेत, तुमच्यासाठी."

"किती वेळ उभे राहणार?"

"मिनिटभर."

"मग तेवढ्यात चहा टाक," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो. दर वर्षी त्या मिनिटाला आम्ही चहा टाकायचो. पण हसू ओसरलं की त्यांचं एक चालू व्हायचं. भोंगा सगळ्यांना सांगत होता, डॉक्टरांना, पेपरवाल्यांना, की झटका दिला होता, आईच्या बोटांना कळलं नाही, वय झालं होतं. आणि सासूबाईही भेटायला आलेल्यांना तेच सांगायच्या. "पोरानं बिचाऱ्यानं ओढलं होतं. माझीच बोटं मेली." ज्या बाईला बोटांबद्दल विचारलेलं खपत नव्हतं ती असं म्हणायची. मला ते ऐकवत नसे, मी उठून आत जायचे.

एक दिवस दुपारी त्यांनी मला सुतळी आणायला सांगितली. एक टोक स्वतःच्या बोटांत धरलं, दुसरं मला दिलं. "स्वयंपाकघरात जा. तुला वाटेल तेव्हा ओढ, सांगू नकोस." मी आत गेले, डाळ चढवली, आणि मध्येच हळूच ओढलं. बाहेरून आवाज आला, "आली." पुन्हा जरा वेळानं, अगदी केसाएवढं. "आली." त्या दिवशी पुरे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुतळी. मग ते रोजचं झालं. मी कितीही हलकं ओढलं, त्या झोपेला आलेल्या असल्या, तरी एकदाही चुकल्या नाहीत. शेवटच्या आजारात डोळे उघडत नव्हते, मी उगाच बोटांत सुतळी ठेवली आणि उंबऱ्यातून ओढली, तर ओठ हलले.

आणि तरीही संध्याकाळी कुणी आलं की पुन्हा तेच, माझीच बोटं मेली. मी एकदा चिडून म्हणाले, "आई, रोज तर कळतं तुम्हाला! मग त्यानं ओढलंच नसेल." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कधी तरी तो सांगेल. त्याच्या तोंडून येऊ दे. तू बोलायचं नाहीस." मी चकार शब्द काढला नाही. त्या वाट बघत गेल्या. तो आला नाही असं नाही, दोनदा आला, एकदा फोटोवाला घेऊन. दोन्ही वेळा खाटेपाशी उभाच राहिला आणि घड्याळ बघितलं.

त्यानंतर भोंग्याचं बरं चाललं ते तुम्ही ग्रंथात लिहालच. परदेश झाले, पुरस्कार झाले. तोडलेली गाणी, ठिगळांचे सदरे, सगळं परदेशात पोचलं. त्यानं लग्न केलं नाही, सगळा जन्म लोकसंगीताला वाहिला, असं तुम्ही लोक म्हणता. लोकसंगीताला कुणी विचारलं नव्हतं म्हणून, नाहीतर तेही नाही म्हणालं असतं.

आता यंदाचा समारोप. तुम्हीच गाडी पाठवलीत आणि मला मंचावर बाजूच्या खुर्चीत बसवलंत, घरचं माणूस म्हणून. धक्का आता सिमेंटचा आहे. कठडा यंदाही काढलेला होता, मावळतीला मागे समुद्र दिसावा म्हणून. ही त्याचीच सूचना, म्हातारपणीसुद्धा सुटली नाही. मानपत्र झालं, भाषणं झाली. भोंगा उठला, हातात फुलांचा गुच्छ, आणि लोकांपुढे वाकला. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. तो वाकत वाकत एक पाऊल मागे गेला. मग आणखी एक. टाळ्या वाढल्या तसा तो मागे मागे जायला लागला. पाय बरोबर बोळातले पडत होते, टाच आधी, मग बोटं. लहानपणी ज्या चालीची लाज वाटायची ती म्हातारपणी अंगातून बाहेर आली होती.

तुम्ही सगळे समोर, तुम्हाला कडा दिसत नव्हती. मला दिसत होती. बाई, मी देवमाणूस नाही. पहिल्या पावलाला मी काही वाटून घेतलं नाही. दुसऱ्याला माझ्या मनात आलं, जाऊ दे. स्पष्ट लिहिते, मनात आलं. खाली ओहोटी होती का भरती, हेसुद्धा मी बघून घेतलं. ओहोटी होती. आणि मग माझ्या तोंडातून ती हाक गेली. दोघींनी झिंज्या उपटल्या तरी चुकत नाही ती. मी ओरडले, "भिंत!"

भोंगा उचललेल्या पायासकट जागच्या जागी थांबला. मागे वळून बघितलं नाही, बोळातलं कुणी बघत नाही. पाय पुढे टेकला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं. टाळ्या थांबल्या. मला वाटलं, आता बोलेल. एवढी वर्षं जे आईनं ऐकायचं राहिलं ते आता बोलेल, निदान माइकवर तरी. तो माइकपाशी आला. श्वास घेतला. आणि म्हणाला, "रसिकहो, ऐकलंत? आजही या धक्क्यावर माझी आई मला हाक मारते!" लोक रडले, तुम्हीही रडलात. तुमचा तो क्षण तो हाच ना?

नाही. तो क्षण दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे.

सकाळी दार वाजलं. भोंगा एकटा, काठी टेकत. फोटोवाला नाही, गाडी कोपऱ्यावर. मी काही म्हणायच्या आत आत आला आणि सासूबाईंच्या खाटेवर बसला. आभार वगैरे काही नाही. म्हणाला, "धाकटे, काल काय आवाज लागला तुझा! पुढच्या वर्षीपासून समारोपाला तू ती हाक द्यायची. एखादी नवीन मुलगी आईचं गाणं म्हणेल, शेवटी हाक. लोक डोक्यावर घेतील."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तांब्या हाताशी होता, तो डोक्यात घालावा असं वाटलं. पण मी फळीवरची सुतळी काढली. तीच ती, हाताळून मऊ झालेली. एक टोक त्याच्या बोटांत दिलं.

"हे काय?"

"धरून बसा. मी आत जाते. ओढलं की सांगायचं, आली. आई रोज करायच्या, इथेच, या खाटेवर. शेवटच्या दिवसापर्यंत."

"आई?" तो म्हणाला. "कळायचं तिला?"

"एकदाही चुकल्या नाहीत," मी म्हणाले आणि आत गेले.

मी गॅस पेटवला, चहाचं पाणी ठेवलं. मग ओढलं, हळूच. बाहेर आवाज नाही. पाणी उकळलं, साखर घातली. पुन्हा ओढलं. काही नाही. मला वाटलं टाकून दिली असेल, पण सुतळी ताणलेली होती, दुसऱ्या टोकाला हात होता. तिसऱ्यांदा मी ओढलं ते आई ओळखायच्या तेवढंच, केसाएवढं.

"आली," भोंगा म्हणाला. तो आवाज कर्ण्यातला नव्हता. मी चहा गाळायला घेतला. "ओढलं नाही गं मी. दिसत होतं मला, टाच कडेवर आली होती. म्हटलं ओळ पुरी होऊ दे."

मी चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले. तो सुतळी तशीच धरून बसला होता आणि भिंतीकडे बघत होता, त्याच भिंतीकडे. मी म्हणाले, "हे आईंना सांगायचं होतंत भाऊजी. एवढंच ऐकायला त्या थांबल्या होत्या." त्यानं चहा घेतला नाही. गेला तेव्हा सुतळी बरोबर न्यायला लागला, ती मी काढून घेतली.

तेव्हा चिटणीसबाई, लिहून झालं. छापायचं असेल तर तीन मिनिटांत बसवू नका, आणि भोंग्यानं हात लावायच्या आधी छापा. त्याची ओळ आहे तशी, पुरी छापा.